अक्का रस्ता ओलांडतात

हेडक्लार्कांनी आयुष्यात पहिल्यांदा शिट्टी फुंकली ती स्वतःच्या बायकोवर. ताशी तीसची मर्यादा असलेल्या रस्त्यावर बाई स्कूटरवरून सत्तेचाळीसनं आल्या. आता अशा वेळी नवऱ्यानं काय करावं, याबद्दल दोन मतं आहेत. नवऱ्यानं चटकन पाठ फिरवून आकाशाकडे पाहावं, हे सोसायटीतल्या यच्चयावत माणसांचं मत. नवऱ्यानं शिट्टी फुंकावी, गाडी बाजूला घ्यायला लावावी आणि रजिस्टरात नोंद करावी, हे हेडक्लार्कांचं मत. या दुसऱ्या मताला अजून दुसरा माणूस मिळालेला नाही.

पण हे जरा पुढचं झालं. मूळ भानगड अक्कांची.

अक्का म्हणजे हेडक्लार्कांची थोरली बहीण. वय एकोणऐंशी, मुक्काम भावाकडे, पहिल्या मजल्यावर. रस्त्याच्या पलीकडे, अगदी समोरासमोर, पहिल्याच मजल्यावर त्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण राहते. तिला नाव आहे, पण अक्का तिला ‘समोरची’ म्हणतात आणि तीही अक्कांना ‘समोरची’च म्हणते, त्यामुळे दोघींचं चांगलं जमतं. रोज दुपारी चार वाजता अक्का काठी टेकत रस्ता ओलांडायच्या, समोरचीकडे दोन तास रमी खेळायच्या आणि सहाला, बहुतेक वेळा भांडूनच, परत यायच्या.

त्या शिट्टीच्या दोन महिने आधी एक स्कूटर अक्कांच्या इतक्या जवळून गेली की अक्का राहिल्या जागेवर आणि काठी गेली पन्नास पावलं पुढे. त्या दिवसापासून अक्कांनी रस्ता ओलांडला नाही. ‘भीती वाटते’ असं त्या म्हणाल्या नाहीत. असं म्हणणाऱ्यांतल्या त्या नव्हेत. ‘हल्ली कंटाळा येतो बाई,’ एवढंच म्हणाल्या. मग रमी फोनवर सुरू झाली. दोघी आपापल्या गॅलरीत, कानाला फोन, समोर आपापला पत्त्यांचा जोड. आता दोन जोडांत एक डाव कसा खेळायचा? बदामची राणी एकाच वेळी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निघायची. मग ‘तुझी खोटी’, ‘नाही, तुझी खोटी’, आणि शेवटी फोन आपटल्याचा आवाज. हा आवाज फोनशिवायही ऐकू यायचा.

हेडक्लार्कांनी हे सगळं एका वाचकाच्या अलिप्तपणानं पाहिलं असतं. पण एक दिवस ते दुपारचे लवकर उठले, तेव्हा त्यांना दिसलं की चार वाजता अक्कांनी केस नीट केले, चपला घातल्या, काठी घेतली आणि दाराजवळच्या खुर्चीत येऊन बसल्या. अर्धा तास बसल्या. मग चपला काढल्या, जागेवर ठेवल्या आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच.

“हे रोजचंच आहे,” बायको हळूच म्हणाली. “तुम्ही झोपलेले असता.”

हेडक्लार्कांनी चौथ्या दिवशी पोलीस ठाणं गाठलं.

ठाण्यात ‘सजग शेजारी’ नावाचा एक उपक्रम होता. तरुणांना वळण, वृद्धांना आधार आणि रस्त्याला शिस्त, अशी तीन कलमं रंगवलेला फलक बाहेर लावला होता. आठ महिन्यांत त्या फलकाखाली उभं राहून कोणी आत यायची वाट विचारली नव्हती. त्यामुळे हेडक्लार्कांनी “मला जरा त्या फलकाबद्दल…” एवढं म्हणायचा अवकाश, फौजदारबाईंनी खुर्चीतून उठून त्यांच्या अंगावर पिवळंधमक चमकतं जाकीट चढवलं. गिऱ्हाईक निसटायच्या आत माप घेणाऱ्या शिंप्यालाही ते जमलं नसतं. जाकीट गुडघ्यापर्यंत आलं. पोलिसांचा मित्र व्हायला निदान अठ्ठेचाळीस इंची छाती लागते, असं खात्याचं मत असावं.

“मला फक्त रस्त्यावर पांढरे पट्टे हवेत,” हेडक्लार्क जाकिटातून म्हणाले.

“पट्टे रस्ते खात्याचे,” फौजदारबाई म्हणाल्या. “त्यांना दोनपैकी एक गोष्ट दाखवावी लागते. एक तर गाड्या मर्यादेपेक्षा जोरात जातात, किंवा तासाला शंभर माणसं तिथून रस्ता ओलांडतात. वेगाची नोंद तुम्हीच करा. हे घ्या यंत्र.”

त्यांनी टेबलावर वेग मोजायचं यंत्र ठेवलं. केस वाळवायच्या यंत्राला पोलिसात नोकरी लागली तर ते जसं दिसेल, तसं ते दिसत होतं. इथं कोणीही ते उचलून खिडकीबाहेरच्या गाडीवर रोखलं असतं. हेडक्लार्कांनी ते उलटं केलं, चष्मा कपाळावर चढवला आणि त्याच्या पोटावरचा तपासणीचा शिक्का वाचला.

हेडक्लार्कांनी चौतीस वर्षं वजनमापे खात्यात काढली होती. शिक्क्याशिवाय ते घरातल्या थर्मामीटरवरही विश्वास ठेवत नसत. बायकोला ताप आला की आधी थर्मामीटरची चौकशी होई आणि मग बायकोची.

“याची मुदत अकरा महिन्यांपूर्वी संपलीय.”

“चालतंय की हो. बटण दाबलं की आकडा येतो.”

“बाई, आकडा काय, कोणीही आणेल. आकडा खरा आहे का, एवढाच प्रश्न असतो. तपासून आणतो.”

आणि हेडक्लार्क यंत्र घेऊन आपल्याच जुन्या कचेरीत गेले. दार ढकलताना छाती जरा पुढे होती, हे कबूल केलं पाहिजे. चौतीस वर्षांची पुण्याई, हातातलं काम पाच मिनिटांचं. त्यांच्या खुर्चीत आता त्यांचा जुना सहायक बसत होता. तो उठून उभा राहिला, खुर्ची दिली, तब्येत विचारली, आणि म्हणाला, “साहेब, नमुना नऊ.”

नमुना नऊ तीन प्रतींत भरायचा असतो. तिसऱ्या प्रतीचं काम एवढंच, की पहिल्या दोन प्रती भरल्या आहेत असं तिनं सांगायचं. हेडक्लार्क घरी गेले, भरून आणला. शाई काळी होती; निळी लागते. पुन्हा गेले. यंत्र ज्यांच्या मालकीचं, त्यांची सही राहिली होती. ठाण्यात जाऊन सही आणली, वर शिक्का मारून आणला. सहायकानं शिक्का उजेडात धरला आणि हळहळला. “साहेब, हा चौकोनी आहे. नियमात गोल आहे.”

ठाण्यात गोल शिक्का नव्हता. फौजदारबाईंनी कपाटं उपसली. शेवटी हरवलेल्या वस्तूंच्या खोक्यात एक गोल शिक्का सापडला, तो कुठल्या तरी बंद पडलेल्या पथकाचा होता. तो मारून हेडक्लार्क पाचव्यांदा कचेरीची पायरी चढले. घाम पुसत त्यांनी सहायकाला विचारलं, “हा गोलचा नियम कोणत्या गाढवानं केला रे?”

सहायकानं फाईल काढली, पान उलटलं आणि अदबीनं खालच्या सहीवर बोट ठेवलं.

सही वळणदार होती. हेडक्लार्कांना ती ओळखायला फारसा वेळ लागला नाही.

तर असं हे तावूनसुलाखून निघालेलं यंत्र घेऊन हेडक्लार्क एका सोमवारी दुपारी चार वाजता रस्त्याच्या कडेला उभे राहिले, आणि पहिली गाडी आली ती बायकोची.

“अहो, तुम्ही हात केलात!” बायको स्कूटर स्टँडवर लावत म्हणाली. “मला वाटलं घरी काही झालं. अक्कांना बरं नाही की काय. म्हणून जोरात आले!”

“मी हात केला तेव्हा तू आधीच सत्तेचाळीसवर होतीस.”

“तीस वर्षं मला म्हणत आलात, तू फार हळू चालवतेस, मागची बैलगाडी पुढे जाईल. आणि आज भर रस्त्यात शिट्टी? तीही जाकीट घालून?”

“नाव सांगा,” हेडक्लार्क रजिस्टर उघडत म्हणाले.

बाईंनी नाव सांगितलं नाही, पण बाकी पुष्कळ काही सांगितलं. त्यातलं रजिस्टरात काही बसण्यासारखं नव्हतं.

उपक्रमाचा नियम असा होता की पकडलेल्याला दंड नाही. त्यानं तीन तास जाकीट घालून सेवा करायची. फौजदारबाईंना ही कल्पना फार आवडायची, कारण स्वयंसेवक मिळवायची त्यांना दुसरी कुठलीच वाट दिसत नव्हती. बायकोनं जाकीट घातलं आणि ती रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, नवऱ्यापासून शक्य तितकी लांब, जाऊन उभी राहिली. तीन दिवस घरात संभाषण अक्कांमार्फत झालं. “त्यांना सांगा, पाणी तापलंय.” “तिला सांग, मी ऐकलं.” अक्कांना यात मजा वाटू लागली होती. त्या निरोपात आपल्या पदरचं घालू लागल्या तेव्हा दोघांनी घाबरून तह केला.

दुसरा मासा दातांचे डॉक्टर. हे तळमजल्यावर राहतात, तिथंच दवाखाना चालवतात, आणि पेशंटच्या तोंडात दोन हत्यारं असताना त्याच्याशी राजकारण बोलतात. त्यामुळे आपल्याला कोणी विरोध करत नाही अशी त्यांची प्रामाणिक समजूत आहे. पट्ट्यांच्या बाबतीत त्यांनी हेडक्लार्कांना आधीच सात सल्ले दिले होते. त्यातला एक, घरच्या घरी रंग आणून पट्टे मारा. दुसरा, रस्त्यात एक मोठी कुंडी ठेवून द्या, कोणाची म्हणून कोणी विचारत नाही. आठवा सल्ला द्यायला ते गाडीतून घाईघाईनं येत होते, ते बावन्नवर सापडले.

“अहो, मी तुमच्याचकडे येत होतो!”

“ते ठीक आहे. पण फार लवकर येत होता.”

तिसरी पार्सलवाली. वय एकोणीस, स्कूटरच्या मागे स्वतःपेक्षा मोठं खोकं, वेग एकसष्ट. थांबली आणि खाली मान घालून म्हणाली, “काका, एक सांगू? त्या आजींची काठी… ती माझ्याच गाडीला लागली होती. मी वळून बघितलं, त्या उभ्या होत्या, म्हणून गेले. रोज इथून जाताना गॅलरीत बघते मी.”

हेडक्लार्कांनी तिच्याकडे पाहिलं. रागवायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तिची वाट ते दोन महिने पाहत होते. पण पोरीनं स्वतःहून स्कूटरची किल्ली काढून त्यांच्यापुढे धरली. “नाव सांगा,” ते म्हणाले, आणि जरा वेळानं, “आणि गॅलरीत बघत असाल तर हळू जाऊन बघत चला. नीट दिसतं.”

तरीही ती आणखी चार वेळा सापडली. सवय जाता जात नाही. तिची पंधरा तासांची सेवा झाली आणि एव्हाना तिला शिट्टी हेडक्लार्कांपेक्षा चांगली वाजवता येऊ लागली.

तीन आठवड्यांत स्वयंसेवकांची संख्या एक्केचाळीस झाली. जाकिटं सहाच होती. सोसायटीत कोणी हेडक्लार्कांना नमस्कार करेना. जिन्यात समोरून आले की लोक अगदी सावकाश चालायला लागायचे, तेवढाच टोमणा. आणि मग कोणी तरी चौकाच्या अलीकडे पुठ्ठ्याचा फलक लटकवला: ‘सावकाश. पुढे हेडक्लार्क.’

फलकाचा अक्षरशः चमत्कार झाला. गाड्या गोगलगायीसारख्या येऊ लागल्या. लोक काच खाली करून हसायचे, पण हसायचे ताशी अठ्ठावीसनं. हेडक्लार्कांनी महिन्याच्या नोंदी सुवाच्य अक्षरात रस्ते खात्याला पाठवल्या, आणि आठ दिवसांत उत्तर आलं: ‘सदर रस्त्यावरील वाहनांचा सरासरी वेग मर्यादेच्या आत असल्याचे आपल्याच नोंदींवरून दिसते. सबब पट्ट्यांची आवश्यकता दिसून येत नाही.’

“म्हणजे,” बायको पत्र वाचून म्हणाली, “तुम्ही उभे आहात म्हणून गाड्या हळू, आणि गाड्या हळू म्हणून पट्टे नाहीत. मग आता जन्मभर उभे राहा.”

हेडक्लार्क सहा वाजता घरी आले की सव्वासहाला त्याच रस्त्यावर गाड्या सत्तरनं जात. हे त्यांनी गॅलरीतून यंत्र रोखून मोजलं होतं. पण गॅलरीतून घेतलेली नोंद ग्राह्य नसते. हा नियम मात्र त्यांनी केलेला नव्हता, त्यामुळे त्यांना त्याचा मनापासून राग आला.

उरली माणसांची मोजणी. तासाला शंभर. अर्ज केला, तारीख मिळाली: बुधवार, चार ते पाच.

मंगळवारी संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात सभा भरली. एक्केचाळीस आरोपी, म्हणजे स्वयंसेवक, दाटीवाटीनं बसले. डॉक्टर दात उपटायच्या खुर्चीत अध्यक्ष म्हणून बसले आणि म्हणाले, “सोप्पं आहे. आपण एक्केचाळीस. प्रत्येकानं तीन फेऱ्या मारायच्या. एकशे तेवीस. टोप्या बदला, हवं तर मी खोटी दाढी देतो. वीस मिनिटांत खेळ खलास.”

टाळ्या पडल्या. हेडक्लार्क उठून उभे राहिले.

“हे जमणार नाही.”

“का?”

“खोटं माप आहे ते. ज्याला पलीकडे खरंच काम आहे त्यानंच जायचं. एकदाच जायचं. दुसऱ्यांदा जाईल त्याला मी स्वतः परत पाठवीन.”

“अहो साहेब, माझ्या बापाचं काय काम आहे पलीकडे?” मागून कोणी तरी ओरडलं. “आम्ही सगळे जातो ते तुमच्या अक्कांसाठी, आणि अडवताय तुम्हीच?”

“चौतीस वर्षं मी दुकानदारांच्या काट्याखालचं लोहचुंबक काढत आलो,” हेडक्लार्क म्हणाले. त्यांचा आवाज जरा चढला होता. “आता घरचा माणूस पारड्यात आहे म्हणून मीच खाली बोट लावू?”

सभा मोडली. जिना चढताना बायको पुढे झाली. दाराशी आल्यावर म्हणाली, “तुमचं खरं माप खरंच आहे. पण त्या खुर्चीतून अक्का उठल्या नाहीत, तर ते माप घेऊन करायचं काय, तेवढं सांगा.”

 हेडक्लार्कांनी जाकिटाची घडी घातली, ती मोडली, पुन्हा घातली.

बुधवारी रस्ते खात्याचा मोजणीदार आला. घडीचं स्टूल, डोक्यावर टोपी, मुठीत टिकटिक करणारं मोजणीचं यंत्र. चेहरा असा, की सकाळी सूर्य उगवला तरी त्यानं सहीशिवाय मानू नये. हेडक्लार्कांना तो एकदम आवडला. फौजदारबाई बाजूला उभ्या राहिल्या, पार्सलवाली शिट्टी घेऊन, बायको पलीकडच्या टोकाला. बाकीचे स्वयंसेवक भिंतीला टेकून गंमत बघायला. फलक काढून ठेवला होता, मोजणी खरी व्हायला हवी म्हणून. गाड्या सुसाट होत्या.

हेडक्लार्क रजिस्टर घेऊन कडेला उभे राहिले आणि येईल त्याला विचारू लागले, “पलीकडे काही काम आहे का?”

लोक यायचे. काठावर उभे राहायचे. उजवीकडे बघायचे, डावीकडे बघायचे, एक पाऊल टाकायचे, दोन मागे घ्यायचे. मग सुस्कारा सोडून अर्ध्या किलोमीटरवरच्या चौकाकडे चालू पडायचे. साडेचार वाजता आकडा होता चौदा.

“यांना जायचंय हो पलीकडे!” हेडक्लार्क कळवळून म्हणाले. “हे बघा, रजिस्टरात सगळ्यांची कामं लिहून घेतलीत मी!”

“गेलेली माणसं मोजतो,” मोजणीदार म्हणाला. “इच्छेचा रकाना नाही.”

भिंतीकडून खसखस ऐकू आली. डॉक्टरांनी मोठ्यानं विचारलं, “साहेब, दाढी आणू का?” कोणी तरी शीळ घातली. गुडघ्यापर्यंतच्या जाकिटातले हेडक्लार्क एका बाईंना अदबीनं म्हणत होते, “ताई, काम नसेल तर कृपया जाऊ नका,” आणि ताई त्यांच्याकडे डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाकडे बघावं तशा बघत होत्या.

पावणेपाच. आकडा बावीस.

तेव्हा पायऱ्यांवर काठीचा आवाज आला. अक्का खाली आल्या होत्या. केस नीट केलेले, पायात चपला.

“बाळ्या, ही माणसं तुला हसतायत का रे?”

“नाही गं अक्का. तू वर जा.”

“वरून दिसतंय सगळं. चष्मा बदललाय मी, कान नाही बदलले, ते चांगलेच आहेत.” अक्कांनी भिंतीकडे एकदा पाहिलं. भिंत गप्प झाली. “सरक. मला पलीकडे जायचंय.”

हेडक्लार्क सरकायलाच निघाले होते. पण चौतीस वर्षांची नोकरी थोरल्या बहिणीच्या हुकमापेक्षा मजबूत असते. “काय काम आहे?” त्यांनी रजिस्टर उघडत विचारलं.

“परवा तिनं माझ्यावर फोन आपटला. तिला चार शब्द सुनवायचेत. तोंडावर.”

हेडक्लार्कांनी मोजणीदाराकडे पाहिलं. मोजणीदारानं विचार केला. “काम वैध आहे,” तो म्हणाला. “वय सत्तरच्या वर असेल तर एकाचे दोन धरतात.”

“ऐकलंस?” अक्का म्हणाल्या. “मी दोन आहे. चल.”

आणि अक्कांनी पाऊल खाली ठेवलं.

समोरून एक टेंपो येत होता. पार्सलवालीनं शिट्टी फुंकली. अशी फुंकली की टेंपोवाला आधी थांबला आणि मग ब्रेक शोधू लागला. तिनं स्कूटर थेट रस्त्यात आडवी घातली आणि स्वतः तिच्यापुढे हात पसरून उभी राहिली. पलीकडच्या बाजूला बायकोनं एका बसला नुसत्या नजरेनं थांबवलं. ही नजर हेडक्लार्कांच्या परिचयाची होती, पण सार्वजनिक हितासाठी वापरलेली त्यांनी पहिल्यांदाच पाहिली. हेडक्लार्क अक्कांच्या बाजूनं, हात वर करून, चालू लागले.

अक्का चालत होत्या. काठी, पाय, दुसरा पाय. थांबा. काठी, पाय, दुसरा पाय. मधोमध आल्यावर त्यांनी श्वास घेतला. गाड्यांची रांग वळणापलीकडे गेली होती. मागून कोणी तरी हॉर्न वाजवला. अक्का थांबल्या, सावकाश वळल्या, आणि हॉर्न ज्या दिशेनं आला तिकडे बघत राहिल्या. हॉर्न पुन्हा वाजला नाही. असं म्हणतात की त्या गाडीवाल्यानं काच वर करून घेतली.

आणि तेवढ्यात कडेला उभा असलेला शिंपी एकाएकी ओरडला, “अरे, रस्ता रिकामा आहे!”

दोन महिने त्याची एक पॅन्ट समोर पोचायची होती. ती हातावर टाकून तो निघाला. त्याच्यामागे औषधाची बाटली घेतलेली एक म्हातारी निघाली, तिच्यामागे तिचा तिच्याहून म्हातारा नवरा. शाळा सुटलेल्या मुलींचा एक घोळका निघाला. समोरच्या दुकानांतून माणसं बाहेर आली. ज्यांची गाडी या बाजूला आणि नोकरी त्या बाजूला, ज्यांची आई त्या बाजूला आणि बायको या बाजूला, असे सगळे बाहेर आले. चौकाकडे निघालेले अर्ध्या वाटेतून धावत परतले. मोजणीदार स्टुलावरून उठला. त्याचा अंगठा चालत होता, ओठ हलत होते, टोपी मागे पडली होती.

“मीही!” डॉक्टर भिंत सोडून धावले. “अहो, खरंच काम आहे! माझा एक पेशंट समोर राहतो, दोन महिने अर्धी भरलेली दाढ घेऊन बसलाय, इकडे यायला घाबरतो!”

“लिहिलं!” हेडक्लार्क रस्त्याच्या मधोमध उभे राहून ओरडले.

पाच वाजले. मोजणीदारानं अंगठा चोळला, आकडा वाचला, पुन्हा वाचला. एकशे सदुसष्ट. मग तो त्याच्या त्या चेहऱ्यानं म्हणाला, “पण एकदम इतके कसे? कोणी माणसं फेऱ्या मारायला आणली नसतील कशावरून? माझे वरिष्ठ विचारतील.”

 हेडक्लार्कांनी शांतपणे रजिस्टर पुढे केलं. चारपासून काठावर आलेल्या प्रत्येक माणसाचं नाव, पत्ता आणि पलीकडचं काम, ओळीनं, निळ्या शाईत. ज्यांना मघाशी परत जावं लागलं होतं, तेच बहुतेक आत्ता गेले होते. धांदलीत सुटलेल्यांना बायको आणि पार्सलवाली दोन्ही बाजूंना गाठून विचारून घेत होत्या. मोजणीदारानं एकेक पान उलटलं. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू काही तरी पसरलं. इतर कोणाच्या चेहऱ्यावर असतं तर त्याला आनंद म्हटलं असतं.

“असं रजिस्टर,” तो म्हणाला, “मी नोकरीत पहिल्यांदा पाहिलं.” आणि त्यानं सही केली.

मग मात्र सोसायटीनं हेडक्लार्कांना उचललं. ज्यांना त्यांनी पकडलं होतं तेच सगळ्यांत पुढे होते. डॉक्टर तर सांगत सुटले की खऱ्या मापाची कल्पना मुळात त्यांचीच. फौजदारबाईंकडे त्याच संध्याकाळी आणखी चौदा जण नाव नोंदवायला आले, एकालाही न पकडता. पार्सलवालीला त्यांनी उपक्रमाच्या तरुण पथकाची प्रमुख केलं. ती आता इतरांना वेगाबद्दल व्याख्यान देते आणि देताना फार जोरात बोलते.

अक्का पलीकडे पोचल्या तेव्हा समोरची खाली येऊन कडेला उभीच होती. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या.

“चार महिने लागले तुला,” समोरची म्हणाली.

“पानं वाट,” अक्का म्हणाल्या. चार शब्द सुनवायचे होते, दोनच सुनवले.

अठराव्या दिवशी पट्टे आले. पांढरेशुभ्र, रुंद, दोन्ही टोकांना सूचनेचे खांब. फौजदारबाईंनी उद्घाटन ठेवलं. पोलिसांतले कोणी मोठे साहेब फीत कापायला येणार होते. चार वाजता सगळे जमले, साहेबांचा पत्ता नव्हता. पण चार म्हणजे चार. अक्का या बाजूनं निघाल्या आणि, आज पाहुणचार आपण घ्यायचा असं ठरवून, समोरची त्या बाजूनं निघाली. हेडक्लार्क हात वर करून पट्ट्यांपाशी उभे राहिले. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या.

दोघी मधोमध भेटल्या आणि तिथंच थांबल्या.

“पांढरा कशाला दिला गं?” अक्का पट्ट्यावर काठी टेकत म्हणाल्या. “चार दिवसांत मळणार.”

“विचारतंय कोण आपल्याला? मी सांगितलं असतं, चॉकलेटी द्या.”

“चॉकलेटी नको. उदास दिसतो. पिस्ता कसा वाटतो?”

“पिस्ता चांगला. पण मग खांबांना काय?”

खांबांचा प्रश्न अवघड होता. दोघी काठ्यांवर भार देऊन त्याचा विचार करू लागल्या. रांग वाढत गेली. रांगेत सगळ्यांत पुढे, दिव्याची मोठी गाडी घेऊन, फीत कापायला आलेले साहेब बसले होते. फौजदारबाईंचा चेहरा पांढऱ्या पट्ट्यासारखा झाला. त्यांनी हेडक्लार्कांना खुणा केल्या, मग अजून मोठ्या खुणा केल्या. साहेबांच्या ड्रायव्हरनं हलकेच हॉर्न दिला.

हेडक्लार्कांनी मान न वळवता दुसराही हात वर केला.